सॅम्पल फ्लॅटमध्ये आत्याची झोप

घर घेण्याबाबत मला सगळं कळत होतं, फक्त घर नव्हतं. मोबाईलवर सल्ल्यांचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की ऑफिसातले लोक मला विचारून प्लॉट घ्यायचे आणि मी मात्र भाड्याच्या दीड खोलीत. त्यात मी, बायको प्रतिभा आणि कुसाआत्या. आत्यानंच मला कळवणला लहानाचं मोठं केलं. चांगली उंचनिंच बाई, पण आमच्याकडे ती स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय घालून झोपते. तिला स्वतःची खोली देईन, असा शब्द मी देऊन बसलो होतो. आत्या तो दूधवाल्यालासुद्धा सांगायची.

गंगापूर रोडवरच्या एका नव्या स्कीमची ऑफर रविवारी संपत होती. टोकनचा चेक घेऊन मी आणि प्रतिभा निघालो. घराला मोठ्या माणसाचे पाय लागलेले बरे, म्हणून आत्यालाही नेलं.

सॅम्पल फ्लॅट पाहून डोळ्यांचं पारणं फिटलं. टाय लावलेला सार्थक एकेक दालन उघडावं तशा खोल्या दाखवत होता.

"आणि ही आजींची खोली."

खिडकी, पडदे, फुलाफुलांची चादर घातलेला पलंग. आत्यानं पदरानं डोळे टिपले. माझी छाती फुगली. मी बाहेर सह्या करायला बसलो, तेवढ्यात आतून हाक आली.

"राजू, मी लांब झाले का रे?"

जाऊन पाहतो तर आत्या पलंगावर आडवी. डोकं उशीवर आणि गुडघ्याखालचं सगळं हवेत.

"आत्या, वर सरक."

"वर भित हाय."

सार्थक धावत आला. "आजी, तो शो-बेड आहे. झोपायचा नाही."

"पलंगावर झोपायचं नाय, तर काय कांदे पसरायचे?"

शेवटी सार्थकनं कबूल केलं, की सॅम्पलमधलं फर्निचर जरा छोटं करून घेतात, खोली मोकळी वाटते.

"मग आमचा पलंग बसेल ना?" प्रतिभानं विचारलं.

"बसेल की मॅडम! फक्त मग दार उघडणार नाही."

"पण दार आहे कुठं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आत एकाही खोलीला दार नव्हतं, आणि ते मला, इतके व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला, दिसलं नव्हतं. स्वतःचाच असा संताप आला!

आत्या उठून माझ्याजवळ आली. "घेऊन टाक रे. मी पाय पोटाशी घेईन. तू शब्द पाळला, लय झालं."

चेक खिशात घातला आणि सरळ जिना उतरलो.

तेव्हापासून कुठंही गेलो, की आधी आत्या आडवी होणार. एजंट आम्हाला वेड्यात काढू लागले. शेवटी एका जुन्या बिल्डिंगमध्ये, रंग उडालेल्या रिकाम्या खोलीत, आत्यानं फरशीवर अंग टाकलं. पाय ताणले, हात डोक्यावर नेले. कुठंच काही लागेना.

"कुशीवर वळून बघते," म्हणाली. वळली, आणि तिला गाढ झोप लागली.

घर आवडलंय हे मालकाला कळू द्यायचं नाही, हा प्रत्येक व्हिडिओतला पहिला सल्ला. मी चेहरा कोरा ठेवून पॅसेजमध्ये भाव पाडून मागत होतो, आणि आत आत्या घोरत होती.

मालकानं एक रुपया कमी केला नाही.