पंधरा नोव्हेंबरची सुट्टी

बेकारभत्ता कचेरीचं पत्र आठवतं, कारण त्याला मी कितीतरी दिवस उत्तरच दिलं नव्हतं. प्रश्न एकच होता: पंधरा नोव्हेंबरला तुम्ही कामाला उपलब्ध का नव्हता?

"पण तू 'नाही' का दाबलंस, एनो?" माझी बायको सायमा पुन्हा म्हणाली.

"नव्हतो म्हणून."

कागद कारखान्याने आम्हाला शरदात घरी बसवलं. मार्चमध्ये परत बोलावू, असं मुकादम म्हणाला होता. तोवर भत्त्यासाठी दर आठवड्याला वाचनालयातल्या संगणकावर प्रश्नांची उत्तरं द्यायची. रोज कामाला तयार होता का? आता पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. आमच्या मिशिगनच्या उत्तर टोकाला त्या दिवशी शाळा बंद, कारखाना बंद, दाताचा डॉक्टरसुद्धा रानात. मी बंदूक धरत नाही. मेहुणा तौनोही माझ्याच कारखान्यातला; त्याच्या रानातल्या खोपीत मी बटाटे सोलतो आणि शेगडीपाशी वाचत बसतो. पण सुट्टी ती सुट्टी. मी 'नाही' दाबलं आणि भत्ता थांबला.

"आख्ख्या गावानं 'हो' दाबलं रे!" तौनोने कपाळाला हात लावला. "मी तर बंदूक घेऊन झाडावर बसून होतो, तरी 'हो' म्हटलं."

"पण ते खोटं..."

"खोटं कसलं? फोन आला असता तर उतरलो असतो."

"तिथं फोन लागतच नाही."

"सायमा, तुझा नवरा पुस्तकं वाचून वाया गेलाय. लिही, चुकून बोट पडलं. संपलं!"

ते मला लिहिता येईना. काय लिहावं तेही सुचेना. शेवटी, गॅसचं बिल आलं त्या सकाळी, मी कचेरीला फोन लावला. बऱ्याच वेळाने राज्याच्या दक्षिण भागातली एक बाई बोलायला आली.

"मुदत टळलीय, सर. पण लेखी कारण दिलंत तर फेरविचार होतो. आजारी होतात?"

"नाही."

"धार्मिक सण?"

"नाही, मॅडम. हरणं."

"हरणं?" तिने विचारलं. मी घाईघाईने म्हणालो, "म्हणजे, त्या दिवशी आमचा कारखाना बंद असतो. दर वर्षी."

"सर, तुमचा कारखाना तर कायमचाच बंद झालाय."

"नाही नाही, तात्पुरता. मार्चमध्ये..."

"मालकांनीच कळवलंय आम्हाला. माझ्यासमोर आहे." मग तिचा आवाज खाली आला. "तुम्हाला सांगितलं नाही का कोणी?"

मी तिचे आभार मानले. का मानले, कळत नाही.

"काय म्हणाली?" सायमाने विचारलं. मी सांगितलं. तौनो पावाला लोणी लावत होता. तो हसला, मग माझ्याकडे बघून थांबला.

"माझे बूट आहेत तिथं," तो म्हणाला. "कारखान्यातल्या कपाटात. नवे."

सुरी हातात धरून तो तसाच बसून राहिला.

मी कागद ओढला. मोठी हकीकत लिहायला घेतली, खोडली. माझ्याच्याने सरळ काही लिहून होत नाही. अखेर दोन ओळी उरल्या. 'त्या दिवशी आमच्याकडे सुट्टी असते, म्हणून मी नाही म्हटलं. सुट्टी द्यायला कारखानाच उरला नाही, हे मला माहीत नव्हतं.'

बाहेर बर्फ गुडघ्याएवढं होतं. फाटकाजवळच्या टपालपेटीत मी पाकीट ठेवलं आणि पत्र न्यायचंय हे पोस्टमनला कळावं म्हणून तिचा छोटा लाल झेंडा वर केला.