पुसलेला आवाज

मी एक ध्वनिफीत बोलतेय. 'पंचगंगा बीट' या कोल्हापूरच्या रॉक बँडचा पहिला आल्बम माझ्यावर आहे. तो बाजारात कधी आलाच नाही, त्यामुळे तुम्ही तो ऐकलेला नसणार.

१९७४ साली शाहूपुरीतल्या एका छापखान्याच्या माडीवर मला पहिल्यांदा मशीनवर चढवलं. ड्रमवर केरबा, बेस गिटारवर जोतीराम आणि गिटार वाजवत गाणारा दिलदार. दिलदारचा आवाज घोगरा होता. गाण्याआधी तो एक श्वास जोरात आत ओढायचा. तो श्वाससुद्धा मी जपून ठेवायची.

सहा गाणी झाली आणि मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचं बोलावणं आलं. अट एकच, सगळ्यांनी तिकडं जाऊन राहायचं.

"मी येत न्हाय," दिलदार म्हणाला. "भैण जरीना सासरी गारगोटीला. अम्माला बघायला दुसरं कोण हाय?"

"मग आमी दुसरा गाणारा बघतो की!" केरबा रागात बोलला, आणि त्यानं तसंच केलं.

बिद्रीचा कृष्णात आला. गुणी माणूस. कंपनीला त्याचा आवाज ऐकवायचा होता, पण नवी फीत मिळेना, म्हणून माझ्यावरच सगळं पुन्हा भरायचं ठरलं. नवं गाणं बसत जातं तसं जुनं पुसलं जातं. दिलदारची पाच गाणी अशी गेली. सहावं पुसलं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. त्याच सुमारास बहिणीला भेटून परतताना दिलदार गारगोटीच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला आणि जागीच गेला.

आठवड्यानं त्याची आई, इमामबी, जिना चढून वर आल्या.

"केरबा, माझ्या दिलदारचा आवाज हाय न्हवं तुझ्याकडं? एकदा ऐकीव."

केरबाला 'पुसला' म्हणवेना. मान खाली घालून त्यानं मशीन सुरू केलं. कृष्णात गायला लागणार, तेवढ्यात जोरात ओढलेला एक श्वास ऐकू आला. मग कृष्णातच्या प्रत्येक ओळीच्या जरा आधी तीच ओळ म्हणणारा घोगरा आवाज.

"कवाकवा पुसलेलं ऱ्हातं थोडं," केरबा पुटपुटला.

तसं होतं, खोटं नाही. पण सहावं गाणं संपल्यावर जे आलं त्याचा उलगडा मलाही झालेला नाही.

"अम्मा, आलो बघ."

हे शब्द माइकसमोर कोणीच बोललं नव्हतं. माझ्यावर काय भरलंय ते मला ठाऊक असतं. हे मी घेतलंच नव्हतं.

इमामबी दचकल्या नाहीत. "ही मला दे," एवढंच म्हणाल्या. केरबानं मशीनसकट मला त्यांच्या घरी पोचवलं. कृष्णात बिद्रीला निघून गेला, पुन्हा कधी गायला नाही. बँड तिथंच मोडला.

नऊ वर्षं इमामबी रोज दुपारी मला लावत आणि गुडघ्यांभोवती हात बांधून मुकाट ऐकत. दर वेळी कृष्णात थोडा पुसट होई, दिलदार थोडा जवळ येई. शेवटी शेवटी ड्रमही ऐकू येईनासे झाले. नुसता तो उरला.

इमामबी गेल्यावर घर आवरायला जरीना आली. भावाची आठवण म्हणून तिनं मला मशीनवर चढवलं. गाणी झाली.

"अम्मा, आलो बघ."

आणि लगेच इमामबींचा आवाज आला, "ये बाबा. ताट वाढलंय."

मशीनला माइक नव्हताच. इमामबी माझ्यासमोर एक शब्द कधी बोलल्या नव्हत्या. जरीनाचा हात तोंडावर गेला. थोडा वेळ नुसती खरखर चालली. मग दिलदारनं विचारलं, "अम्मा, जरीना न्हाय आली?"

जरीनानं वायर उपसली.

आता मी गारगोटीला तिच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे. ती मला जाळतही नाही, टाकूनही देत नाही. कधी कधी पेटीच्या कडीवर तिचा हात येऊन थांबतो. बाई, मला वाजवू नकोस. माझ्यावर अजून बरीच जागा कोरी आहे.