सगळ्यांना तीन

गाय रोड झालीय हे कुणाला तोंडावर सांगू नये, एवढी अक्कल मला नोकरी लागायच्या आधीपासून होती. गाय रोड, म्हणजे घरात वैरण नाही, नाहीतर घरची बाई हात आखडता घेते. पुढ्यात चहा ठेवणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? त्यात मी पडलो गावाबाहेरच्या वस्तीवरचा म्हाळू. शिक्रापुरात बड्या बागायतदार हौसरावांच्या गोठ्यात उभं राहून त्यांच्या गायीला नावं ठेवली असती, तर पुन्हा तिथं पाय ठेवायची सोय नव्हती.

दूध संघाच्या वळू-तपासणीतलं माझं काम तसं सोपं. एका नव्या वळूच्या लेकी शिरूर-दौंडच्या गावांत विखुरलेल्या होत्या. महिन्यातून एकदा जायचं, दूध मोजायचं, पाठ, बरगड्या, शेपटीचं मूळ हातानं चाचपायचं आणि गायीच्या अंगाला मार्क द्यायचे. एक म्हणजे नुसती हाडं, पाच म्हणजे चरबी. कार्ड गोठ्यातच टांगलेलं असायचं, घरचे वाचायचे. म्हणून मी सगळ्यांना तीन लिहायचो. बोटांना दोन लागायचं, कधी दीडसुद्धा. मी आपला तीन लिहून, चहा पिऊन सायकलवर टांग टाकायचो.

दूध मात्र खरंच भरपूर होतं. दूध चांगलं, अंग चांगलं, अठ्ठ्याण्णव साली वळू पास झाला. त्याच्या रेतनाच्या कांड्या गावोगावी गेल्या. मोठ्या हौसेनं मी यवतला बहिणीची गायसुद्धा त्याच वळूच्या कांडीनं भरून घेतली. दाजी गेल्यावर पार्वतीला त्या गायीचाच आधार होता. कालवड झाली तेव्हा तिनं गल्लीभर पेढे वाटले.

ती कालवड मोठी झाली, व्याली, दुधाला लागली आणि खंगत गेली. पार्वतीनं लसूणघास घातला, मका घातला, सरकी घातली, आपल्या ताटातली भाकर घातली. गाय चार वेळा भरली, चारही वेळा उलटली, गाभण राहिलीच नाही. व्यायल्याला वर्ष होत आलं तेव्हा डॉक्टर बघून गेले. रस्त्यापर्यंत सोडायला गेलो तर मला म्हणाले, या वळूच्या सगळ्या लेकींचं हेच आहे. खाल्लेलं सगळं दुधात घालतात, अंगाला काही ठेवत नाहीत, मग गाभण राहत नाहीत. रक्तातच आहे, पण तुमच्या कार्डांवर तर सगळ्या धडधाकट होत्या.

मला काहीतरी वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. परत येऊन गोठ्यात नुसता उभा राहिलो.

पार्वतीनं व्यापाऱ्याला होकार दिला होता. सकाळी टेम्पो येणार होता. ती म्हणाली, "दादा, खरं सांग. हिला किती मार्क देशील?"

मी पाठीवरून हात फिरवला. "दीड."

"आजवर कुणाच्या गायीला दीड दिलंस?"

"कुणाच्याच न्हाई."

ती मटकन खाली बसली. "म्हंजी माझ्याच हातनं उपाशी राह्यली ती."

मग मी सगळं सांगितलं. तुझं काही चुकलं नाही, खोट वळूची, आणि त्याला पास करणारे तीन माझे. शिव्या देईल म्हणून वाट बघत होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लोकांची मनं राखलीस," ती म्हणाली. "आन् दीड तेवढं माझ्या दारात आणलंस."

सकाळी टेम्पो आला. गाय फळीवरून चढताना दोनदा घसरली, मग चढली. पार्वती दारात उभी होती, रडली नाही. टेम्पो रस्त्याला लागल्यावर ती आत गेली आणि गायीची कालवड सोडून माझ्यासमोर घेऊन आली. अकरा महिन्यांची होती. बाप दुसरा, पण आईकडून निम्मं रक्त तेच.

"आता हिचं सांग," ती म्हणाली. "ही तरी ऱ्हाईल ना गाभण?"

मला पुढं होऊन चाचपता आलं असतं. माझा हात खिशातच राहिला.

"चांगली हाय," मी म्हणालो. "तीन."

पार्वतीनं माझ्या खिशाकडं बघितलं. मग गायीची पेंडीची पाटी उचलली आणि कालवडीपुढं ठेवली.