धुऊन गेलेल्या सात ओळी

सेव्हर्न नदीचं पाणी चॅपलच्या पायऱ्यांवरून खाली उतरलं तो गुरुवार होता. सकाळी अकराच्या सुमारास एल्डर्सफोर्डच्या दफनभूमीची वही उघडली, तेव्हा सात माणसं वाहून गेल्याचं कळलं. माणसं मेली होती ती आधीच. वाहून गेली ती त्यांची नावं.

पास्टरबाई मार्गो लिडल टीपकागदाचे तुकडे घालत एकेक पान सोडवत होत्या. चॅपलचा खजिनदार आयव्हर पास्क हीटर धरून उभा होता. क्लिफर्ड बीवन गमबुटांचा चिखल नको म्हणून दारातच थांबला होता. ती वही त्याच्या बायकोनं, एनिडनं, एकतीस वर्षं लिहिली होती. कबरीचा क्रमांक, नाव, वय, तारीख. एका माणसाला एक ओळ. नोव्हेंबरात एनिड गेली.

"कमाल आहे बाईची," आयव्हर म्हणाला. "दोन दिवस पाण्यात होती वही, आणि एक अक्षर हललेलं नाही. काळंकुळकुळीत."

मग शेवटचं पान सुटलं. वरच्या अर्ध्यात एनिडचं काळं अक्षर होतं. खाली सात ओळींच्या जागी नुसता फिकट निळा डाग होता, धुण्यात नीळ जास्त झाल्यासारखा.

"इथं काय होतं?" बाईंनी विचारलं.

"दोनशे अकरा ते दोनशे सतरा," आयव्हर म्हणाला. "गेल्या वर्षीचे सगळे. शेवटची, एनिडची ओळ मी लिहिली, तिच्याच पेननं. पण मग बाकीचं का नाही धुतलं गेलं?"

क्लिफर्डला ते माहीत होतं. तो बाहेर जाऊन दफनभूमीच्या भिंतीशी उभा राहिला. शेवटच्या रांगेत सात उंचवटे होते. माती बसायला वर्षभर लागतं, त्याआधी दगड बसवत नाहीत, म्हणून प्रत्येकावर क्रमांकाची लाकडी खुंटी होती. पुरानं एकही खुंटी ठेवली नव्हती. टोकाचा उंचवटा एनिडचा, तेवढं त्याला अंधारातही सांगता आलं असतं. बाकीच्यांचं तसं नव्हतं.

तो परत आत आला.

"बाई, हे माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "शाई मी बदलली."

एनिडची शाई मायफळ आणि हिराकसाची होती, विवाहनोंदणीच्या कचेरीत वापरतात तीच. लिहिताना निळी दिसते, हवा लागली की काळी पडत जाते, आणि एकदा काळी पडली की कागदाला सोडत नाही. पण ती पेनला छळते. पेन तसाच ठेवला तर आत गाळ धरतो, म्हणून आठवड्याला धुवावा लागतो. एनिडचे हात थरथरायला लागले तेव्हा ते काम क्लिफर्डकडे आलं. तो तीन आठवडे विसरला आणि पेन गच्च बसला. एनिड स्वयंपाकघरात बसून रडली. लग्नानंतरच्या अठ्ठेचाळीस वर्षांत त्यानं तिला पेनसाठी रडताना पाहिलं नव्हतं. त्यानं पेन दोन दिवस पाण्यात घालून मोकळा केला आणि शहरात शाई आणायला गेला, कारण बाटलीही संपत आली होती. ती मागवावी लागेल, पंधरा दिवस लागतील, असं दुकानदार म्हणाला. समोर शाळेच्या पोरांची निळी शाई होती. क्लिफर्डनं ती घेतली आणि घरी येऊन एनिडच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवली. पेन लोण्यासारखा चालायला लागला.

महिनाभरानं एनिडनं वही उघडली. "क्लिफ, ही अजून निळीच कशी रे?"

"हवा दमट आहे," तो म्हणाला होता. "वेळ लागेल."

"बरं," ती म्हणाली होती. तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं.

हे सगळं सांगून होईपर्यंत आयव्हरनं हीटर बंद केला होता. "तीस वर्षं दुधाचा टँकर चालवलास तू," तो म्हणाला. "कधी डेअरीत पाणी नेऊन ओतलंस का?"

"नाही."

"मग इथंच का सुचलं?"

"तिचा हात चालावा म्हणून," क्लिफर्ड म्हणाला.

बाई म्हणाल्या, "नावं आणि तारखा अंत्यविधीवाल्यांकडे मिळतील. मी कॉम्प्युटरवर यादी करते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"नावं मिळतील. पण कबरी तारखेच्या क्रमानं भरत नाहीत, कोण कुठं आहे ते नाही मिळणार. ते फक्त या वहीत होतं." त्यानं टोपी घातली. "मी शोधतो. आणि लिहिणारही मीच. तिच्या शाईनं."

"तुझं अक्षर?" आयव्हर म्हणाला. "तुझ्या दुधाच्या पावत्या डेअरीत कुणाला वाचता येत नव्हत्या!"

"येईल वाचता."

त्यानं शाई मागवली. या वेळी पंधरा दिवस थांबला. तेवढ्यात शाळेच्या दुरेघी वहीत रोज सकाळी दोन पानं गिरवली. शाई आल्यावर त्याच वहीत एक ओळ लिहून दुसऱ्या दिवशी पाहिली. काळी पडली होती. मग ते पान फाडून नळाखाली धरलं आणि शंभर आकडे मोजले. ओळ जागची हलली नाही. त्यानंतर तो घरोघर निघाला.

सगळ्यात आधी मिसेस गिटिन्स. त्यांचा हॅरॉल्ड पहिला गेला होता, फेब्रुवारीत. त्या काठी टेकत रांगेपर्यंत आल्या आणि न थांबता बोट दाखवलं. "हा. नळाच्या बाजूचा. मी म्हटलं होतं, जन्मभर नळ गळतोय म्हणून ओरडला, आता ऐक म्हणावं टिपटिप." मग त्या क्लिफर्डकडे वळल्या. "शाई तू बदललीस म्हणे."

"हो."

"गाढव आहेस."

"हो."

"चहाला ये रविवारी."

मॉर्गनांच्या घरी मुलीनं दार अर्धंच उघडलं. "आई गेली तेव्हा एनिडमावशी भर उन्हात तासभर उभ्या होत्या. तुम्ही त्यांना फसवलंत." आणि दार लागलं. क्लिफर्ड दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. चौथ्या दिवशी ती कोट घालूनच बाहेर आली, त्याच्याबरोबर चालली, जुन्या यू झाडाच्या मुळापासून पावलं मोजली आणि म्हणाली, "ही." परत जाताना तिनं विचारलं, "निळं नाही ना राहणार?"

"उद्या सकाळी येऊन बघ."

ती आली. बघून गेली.

फॉल्कनर भावांचं मात्र जमेना. थोरला म्हणे बाप यू झाडाकडून चौथा, धाकटा म्हणे तिसरा. दोघं भर दफनभूमीत एकमेकांची अक्कल काढू लागले. शेवटी धाकट्याच्या बायकोनं मोबाइलमधला फोटो काढला. फुलांच्या मागे शेजारच्या उंचवट्यावरची खुंटी आकड्यासकट दिसत होती. "बघा," ती म्हणाली, "आणि आता दोघंही गप्प बसा." धाकट्याचं खरं निघालं, आणि त्या खुंटीला टेकलेल्या पुष्पचक्रावरच्या नावामुळे शेजारची कबरही आपोआप सापडली.

असे चार जण झाले. पाचवी ओळ एनिडची. ती त्यानं एका सकाळी चॅपलमध्ये बसून लिहिली, बाई शेजारी होत्या. २१७. एनिड रूथ बीवन. वय ७३. 'रूथ' जरा वर चढलं. त्यानं तसंच ठेवलं. निब लगेच पाण्यात धुतलं, पुसलं, टोपण लावलं.

राहिल्या दोन, २१२ आणि २१३. एकमेकींना लागून. मार्चमध्ये बर्फ पडत असताना एकाच दिवशी खणलेल्या. एकीत शाळेची स्वयंपाकीणबाई मिस विनी प्रोबर्ट, तिला कुणी नव्हतं. दुसरीत लेन स्टोक्स, त्याचा मुलगा ऑस्ट्रेलियात, पर्थला. एकाचं दफन मंगळवारी, दुसऱ्याचं बुधवारी. त्या वेळचे पास्टर आता वृद्धाश्रमात होते. क्लिफर्ड त्यांना भेटायला गेला, तर त्यांनी त्यालाच दोनदा नाव विचारलं. कबरी खणणारा माणूस शहरातला. "दादा, महिन्याला वीस खणतो मी यंत्रानं," तो म्हणाला. "आत कोण जाणार ते मला कुणी सांगत नाही." शवपेटी वाहणारे लोक कंपनीचे होते, ते बदलून गेले होते.

दोन्ही दिवशी कबरीपाशी शेवटपर्यंत एनिड उभी होती. क्लिफर्डनंच तिला गाडीतून आणलं होतं. तिला उतरवून तो हीटर लावून आत बसला होता, कारण बर्फ होता आणि लेनशी त्याचं फारसं पटत नव्हतं. काचेवर वाफ धरली होती. त्यानं ती पुसलीही नव्हती.

त्यानं पर्थला फोन लावला. लेनच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मिस्टर बीवन, कुठलीही एक धरा. मला चालेल. दगडावर नाव तर हवं ना."

"तुला चालेल रे. विनीला चालेल का, ते कुणाला विचारू?"

आयव्हरही चॅपलच्या दारात तेच म्हणाला. "लिहून टाक, क्लिफ. अर्धा चान्स तरी बरोबर असण्याचा. कोण बघायला येतंय?"

"ही शाई निघत नाही, आयव्हर."

"म्हणून तर म्हणतो, एकदाचं संपेल."

"म्हणूनच लिहीत नाही," क्लिफर्ड म्हणाला. "एकदा खोटं लिहायला लावलं तिला. ते निदान धुऊन तरी गेलं."

आयव्हरनं खिशातून पुदिन्याच्या गोळ्यांची पुडी काढून पुढे केली. दोघांनी एकेक घेतली.

परवा त्याला कळलं की शाळेच्या स्वयंपाकघरात विनीच्या हाताखाली काम केलेली एक बाई आता लडलो गावी राहते, आणि ती त्या दोघांपैकी एका दफनाला आली होती, कुठल्या ते कुणाला ठाऊक नाही. तिचं आडनाव लग्नानंतर बदललंय. क्लिफर्डनं सोमवारच्या बसची वेळ बघून ठेवली आहे. वहीत पाच ओळी काळ्या झाल्या आहेत. २१२ आणि २१३ अजून कोऱ्या आहेत.