दोन बंदुका, एक सोफा

मूल गावच्या रहीम कुशनवाल्यानं आयुष्यात हजारभर सीटा शिवल्या असतील. स्कूटरच्या, ट्रॅक्टरच्या, एकदा तर रोड रोलरचीसुद्धा. बंदूक मात्र त्यानं एकदाच हातात घेतली. पिवळी, प्लास्टिकची, फोमच्या गोळ्या मारणारी. आणि तिनं नेम धरला तो सरळ रहीमवरच.

त्याची पोरगी रूही, वय वर्षं नऊ, वडशाला आईजवळ राहायची. तिच्या आईनं, जैनबनं, खुला म्हणजे स्वतः मागून तलाक घेतला त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हा जमातीच्या मोठ्या माणसांनी बसून ठरवलं होतं की पोरगी आईजवळ राहील, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर बापाकडं जाईल, तिची मर्जी असली तर. तीन उन्हाळे मर्जी होती. मग जैनबनं राइस मिलवाल्या अल्ताफशी निकाह केला, आणि यंदा फोनवर रूही म्हणाली,

"अब्बा, मी नाई येत. पप्पानं नागपूरवरून बंदूक आणली. फोमच्या गोळ्याची. एका टाइमले सहा गोळ्या बसते. तुमच्याकडं काय हाय?"

रहीमकडं एक गादी होती. रूहीसाठी त्यानं स्वतः भरलेली, मऊसूत फोमची, गुलाबी खोळीची. तो फोम त्यानं एकाही गिऱ्हाइकाला दाखवला नव्हता. पण नऊ वर्षांच्या पोरीला बंदुकीच्या बदल्यात गादी सांगून पाहा!

"माझ्याकडं बी हाय बंदूक," रहीम बोलून गेला. "तुझ्याच्यापेक्षा भारी. घेऊनच येतो. दोन्ही चालवून पाह्य. माझी जिंकली तं चालशीन ना मूलले?"

"जिंकली तं चालीन."

आता आली का पंचाईत! दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान बंद ठेवलं, चंद्रपूर गाठलं आणि बाजारातल्या एका गाड्यावरून बंदूक आणली. नळी एक, गोळ्या तीन, डब्यावर चिनी अक्षरं. गोळीच्या टोकाला रबराची वाटी होती. भिंतीवर मारली की चटकन चिकटायची. रहीमनं दोन दिवस घरातल्या भिंतीवर नेम धरला आणि पोरगी येणार म्हणून पलंगावर नवी चादरही घातली.

वडशाच्या अलीकडं, वैनगंगेच्या पुलाजवळ, नाकाबंदी होती. मुखरू हवालदार बसमध्ये चढला, त्यानं रहीमची पिशवी उघडली आणि हात पोळल्यासारखा मागं घेतला.

"साहेब! बंदूक!"

"खेळण्याची हाय जी," रहीम म्हणाला. "पोरीसाठी नेऊन राह्यलो."

"पिवळी काऊन हाय?"

"आता तशीच बनवते तं मी काय करू?"

साहेब आले. साहेबांनी बंदूक हातात घेतली, उलटीसुलटी केली, आत काय आहे म्हणून नळी तोंडासमोर धरली आणि विचारलं, "हे कुठं दाबायचं?" दाबलंच. गोळी त्यांच्या कपाळाच्या मधोमध चिकटली आणि शिंगासारखी डुलायला लागली. सगळी बस हसली. कंडक्टर तर तिकिटाची पेटी पोटाशी धरून खाली बसला. मुखरू हवालदारानं गोळी ओढून काढली तेव्हा साहेबांच्या कपाळावर बांगडीएवढा लाल गोल उमटला होता.

त्यानंतर कायदा कडक झाला.

"बंदूक प्लास्टिकची आहे, ती नेऊ दे," साहेब म्हणाले. "गोळ्या जप्त कर. गोळी म्हणजे गोळीच."

तीन नग, फोमचे, टोकाला रबर, असा पंचनामा झाला. रहीमच्या खिशात फोम कापायची वीतभर पात्याची सुरी होती. ती कोणी पाहिली नाही.

अल्ताफचं घर मिलच्या आवारातच होतं. रूही पळत आली.

"आणली? दाखवा! गोळ्या कुठी हाय?"

"पोलिसाकडं."

"म्हणजे तुमची हरली?"

"थांब ना माय! दहा मिनिटं दे. गोळ्या बनवाले काय लागते?"

जैनब दाराच्या पडद्याआडून म्हणाली, "बसा. चहा ठेवतो."

रहीम बसला. आणि बसल्याबरोबर बुडाला ओळख पटली. हा सोफा त्याचाच होता. रहीम-जैनबच्या निकाहच्या वेळी सांगाडा सासऱ्यानं दिला होता, पण भरणा रहीमचा. प्रत्येक टाका त्याच्या हातचा. मधल्या बैठकीखाली त्यानं तेव्हा उंची फोमचा एक जास्तीचा थर घातला होता, बायकोला मऊ लागावं म्हणून. जैनबला ते कधी सांगितलं नव्हतं. घर मोडलं तेव्हा तिचं सामान तिच्यासोबत गेलं, त्यात हा थरही गेला.

असा फोम अख्ख्या वडशात दुसरीकडं नव्हता. रहीम खाली वाकला, सोफ्याच्या पोटाचं कापड उसवलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

आवारातल्या चिंचेखालून रूहीनं चिंचोके वेचून आणले. फोमची बोटभर लांब कांडी, टोकाला वजनाला चिंचोका, त्यावर पिशवीतल्या चिंधीतून कापलेली लाल रेक्झीनची टोपी. दहा मिनिटांत आठ गोळ्या झाल्या. रूही बापाच्या हातांकडं अशी बघत होती, जशी चार वर्षांची असताना दुकानात बसून बघायची. रहीमनं नववी गोळी उगाचच सावकाश शिवली.

मग सामना. बारदान्याच्या थप्पीवर तेलाचा रिकामा डबा ठेवला. अल्ताफ मिल सोडून मुद्दाम आला. पोट सुटलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्याचा राग करायचा म्हटलं तर रहीमला फार मेहनत पडायची.

"रहीमभाऊ, माझी कंपनीची हाय बरं! चार भाषेतला कागद येते हिच्यासंगं."

"कागदावरून थोडीच उडते?"

अल्ताफची बंदूक निळी, गोल फिरणाऱ्या चाकाची. पहिली गोळी डब्यावरून लांब गेली. रूहीनं टाळ्या वाजवल्या. दुसरी निघाली तोच मिलच्या पंख्यानं कोंड्याचा लोट सोडला. गोळी हवेत थबकली, वळली आणि ओसरीवर चहा पिणाऱ्या मुनीमाच्या कपात बसली. तिसरीला चाक फिरेना. आत कोंडा गेला होता. अल्ताफनं बंदूक झटकली, फुंकली, कानाशी धरून हलवली. चाक ढिम्म.

रहीमच्या बंदुकीला चाकच नव्हतं, मग अडकणार काय? चिंचोक्याच्या वजनानं गोळी कोंड्यातून सरळ गेली. टण्! दुसरी, टण्! तिसरीला डबा थप्पीवरून खाली पडला.

"अब्बाची जिंकली! अब्बाची जिंकली!" रूही नाचायला लागली.

रहीमनं पिवळी बंदूक तिच्या हातात दिली. "चाल मग. कपडे भर. चारची गाडी हाय."

रूही नाचायची थांबली. तिनं पिवळी बंदूक छातीशी धरली आणि जरा विचार केला.

"पण अब्बा, मूलले मी कोणासंगं खेळीन? तुमी तं दिवसभर दुकानात. इथी आता दोन बंदुका झाल्या. इतके दिवस एकच होती, पप्पाले काई मजाच नाई ये. आता एक मी घेईन, एक पप्पा घेतीन."

"तू जिंकली तं चालीन म्हणली होती."

"म्हणली होती," रूही म्हणाली. "पण मले माहीत थोडी होतं तुमची खरंच चांगली निघीन म्हणून!"

त्या घरात एकाच गोष्टीची कमी होती, दुसऱ्या बंदुकीची. तीही रहीमनं स्वतः बसमध्ये बसून, नाक्यावर पंचनामा करून घेऊन, पोचती केली होती.

"जाईन ना रूही अब्बाकडं," अल्ताफ मध्ये पडला. "जा बेटा, वचन देलं तं."

रूहीचा खालचा ओठ थरथरला. रहीमनं तो पाहिला.

"राहू द्या," तो म्हणाला. "रडत आली तं काय कामाची?"

सगळे आत आले. अल्ताफ घाम पुसत सोफ्याच्या मधल्या बैठकीवर बसला आणि आत गेला. गुडघे हनुवटीला लागले, पाय हवेत. रूही हसून हसून लोळली. अल्ताफही हसला. "अरे, काढा बे मले कोणी!"

जैनबनं वाकून सोफ्याखाली पाहिलं. उसवलेलं कापड लोंबत होतं. मग तिनं रूहीच्या हातातली गोळी घेतली, बोटांनी दाबली. फोम किती मऊ आहे ते तिला आज कळलं असावं.

"हे बी घेऊन चालले?" ती हळूच म्हणाली.

रहीम अल्ताफचा एक हात धरून ओढायला लागला.

निघताना अल्ताफ फाटकापर्यंत आला. "भाऊ, गोळ्या तुमच्याच भारी. पोरीसाठी पन्नासेक करून पाठवा ना."

परतीच्या गाडीत मुखरू हवालदार पुन्हा चढला. "काय हो, बंदूक कुठी हाय?"

"देऊन आलो."

"अरे! साहेबाचा पोरगा गोळ्या घेऊन बसला, बंदूक मागून राह्यला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रहीमनं दुकान उघडलं. दुकानात होता तो सगळा सीटचा टणक फोम, त्याच्या कांड्या नळीत शिरल्या नसत्या. मऊ फोम घरात एकाच ठिकाणी होता. त्यानं गुलाबी खोळ उसवली, खालच्या बाजूनं, वरून दिसू नये म्हणून. दिसणार कोणाला होतं, हा विचार त्यानं केला नाही. शुक्रवारपर्यंत पन्नास गोळ्या झाल्या आणि गादीला मधोमध खड्डा पडला, एखादं पोर महिनाभर तिच्यावर झोपून गेल्यासारखा.

पार्सल बांधून त्यानं दुपारच्या वडसा गाडीच्या कंडक्टरकडं दिलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'गोळ्या, ५० नग.'

नाक्याची आठवण झाली तेव्हा गाडी स्टँडाबाहेर पडली होती. रहीम दोन पावलं धावला, मग थांबला, आणि गाडी वळेपर्यंत तिथंच उभा राहिला.