झाकलेली नावं

परीक्षा विभागातल्या अक्कांनी नोकरीत अठ्ठावीस वर्षं काढली, पण मनापासून करावंसं वाटलं असं काम त्यांच्या हाती एकदाच आलं. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या मुलांना मुद्दाम कमी गुण देतात, अशा तक्रारी फार झाल्या, तेव्हा विद्यापीठाने उत्तरपत्रिकांवरची नावं झाकायचं ठरवलं. नाव वाचलं की वस्ती कळायचीच. आता नावावर जाड कागद, त्यावर सांकेतिक क्रमांक, आणि खरी यादी कपाटात. किल्ली अक्कांच्या कमरेला.

अक्का त्या खोलीत चिटपाखरू फिरकू देत नसत. साहेबांनाही दारातच अडवलं.

"अक्का, मी काय चोर आहे?"

"छे हो साहेब! पण चोर काय सांगून येतो?"

एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि पहिल्या दहांत वस्तीतली पाच जणं! ग्रंथालय झाडणाऱ्या बाईंची मुलगी दुसरी आली. धापा टाकत ती अक्कांच्या खिडकीशी आली.

"मावशी, नीट बघा ना. चूक तर नाही झाली?"

"चूक आजवर होत होती, बयो," अक्का म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या विभागाला चहा पाजला.

पुढच्याच सत्रात विभागप्रमुखांनी निम्मे गुण तोंडी परीक्षेला दिले. "कागदावर माणूस कळत नाही," बैठकीत ते म्हणाले आणि सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. समोर बसलेल्याचं नाव कशाने झाकणार?

शेवटच्या वर्षी मुलगी लेखीत पहिली आली. तोंडीत पन्नासपैकी अकरा. शेरा होता, 'विषय येतो, पण बोलण्याला वळण नाही.' वस्तीतल्या बाकी चौघांची तीच गत. संशोधनाचा प्रवेश पाचही जणांचा हुकला.

"विचारलं तरी काय गं त्यांनी?"

"आई काय करते, विचारलं. मी सांगितलं. मग एकमेकांकडे बघून हसले. म्हणाले, या आता."

अक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी लेखी आणि तोंडी गुणांचे दोन रकाने शेजारी-शेजारी मांडले आणि तो कागद थेट कुलगुरूंच्या टेबलावर ठेवला. कुलगुरूंनी चष्मा लावून दोनदा वाचला. "गंभीर आहे," म्हणाले आणि समिती नेमली.

समितीचा अहवाल यायला आठ महिने लागले. 'या विद्यापीठात नावं झाकूनच तपासणी होते, सबब भेदभाव संभवत नाही.' पुरावा म्हणून अक्कांच्या खोलीचा फोटो जोडला होता. शेवटच्या पानावर, गोपनीय गुण बाहेर काढल्याबद्दल अक्कांची बदली भांडारात. खडू, फिनेल आणि झाडू मोजायला.

"आईला झाडू द्यायला आता तुम्हीच!" मुलगी हसत म्हणाली, पण तिला ते हसू पेलवलं नाही. तिला एका दवाखान्यात रुग्णांना नंबराच्या चिठ्ठ्या फाडून द्यायचं काम मिळालं होतं. तोंडी परीक्षा पुन्हा देता येत होती, अर्जाला चार दिवस उरले होते.

"लेखी शंभरदा देईन, मावशी. पण त्या खोलीत पुन्हा जाऊ? तुम्हीच सांगा."

जा म्हणायला अक्कांची जीभ रेटेना. "नको जाऊस," त्या म्हणाल्या. मुलीने मान हलवली आणि ती कामावर गेली. आपण तसं म्हटलं याचा राग अक्कांना पुढे कितीतरी दिवस स्वतःचाच येत राहिला.