जिन्याखालचा कॅरम

मी कॅरम बोलतोय. घाटकोपरच्या एका तीन मजली चाळीत, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत माझा मुक्काम. जन्म कुठल्याशा सुताराच्या हातचा, पण मला गुळगुळीत केलं ते या चाळीच्या बोटांनी. माझ्याभोवती तिन्ही मजल्यांची माणसं बसायची आणि स्ट्रायकरपेक्षा त्यांची तोंडंच जास्त चालायची. पाणी, गटार, नगरसेवक, सगळ्यांची सालटी काढून झाली की मगच डाव संपायचा.

पण मध्यंतरी श्रुतिकानं मला उचलून दुसऱ्या मजल्यावर, आपल्या खोलीत नेलं. ही पोरगी गणितात एम.एस्सी. करते. तिच्या प्रकल्पाचा विषय ऐकून मी हरखूनच गेलो. राजकीय मत माणसामाणसांत कसं पसरतं, ते म्हणे गणितानं मांडायचं. त्यातच तिच्याच मजल्यावर राहणारी तिची शेवंतीमावशी महापालिकेला अपक्ष उभी होती. चाळ मावशीच्या मागे येईल का, हेही त्यातून कळणार होतं.

श्रुतिकानं माझ्या अंगावर पेन्सिलीनं चौकोन आखले. तीन ओळी, एकेका ओळीत सहा, अगदी चाळीतल्या खोल्यांसारखे. मावशीच्या खोलीत लाल राणी, कारण मावशी काही केल्या मत बदलणारी नाही. बाकी सगळीकडे काळ्या सोंगट्या, म्हणजे अजून मावशीच्या बाजूला न आलेल्या; बाजूला आली की तिथं पांढरी ठेवायची. त्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या मंडळातून दुसरा संच आणला. नियम सोपा. चिठ्ठी उचलायची, जी खोली येईल तिनं भिंतीला भिंत लागलेल्या एका शेजाऱ्याचं मत घ्यायचं. शेजारी राणी किंवा पांढरी असली तर आपणही पांढरं व्हायचं, काळी असली तर काळं. माणसं याहून फार वेगळी वागत नाहीत, मी पाहिलंय.

काय मजा आली म्हणून सांगू! राणीशेजारची सोंगटी पांढरी झाली, मग तिच्या शेजारची. मध्येच एखादी कच खाऊन परत काळी व्हायची. होता होता अख्खा दुसरा मजला पांढरा झाला आणि श्रुतिका उठून नाचली.

खालचे दोन मजले मात्र ठार काळे. कितीही चिठ्ठ्या काढा, एक सोंगटी बदलेना.

मावशी बघत होती. "उद्या माघारीचा शेवटचा दिवस," ती म्हणाली. "आपल्याच चाळीत आपलं कुणी ऐकत नाही, तर वॉर्डात कोण ऐकणार गं? घेते अर्ज मागे."

मला ओरडावंसं वाटलं. पण चार भोकं असूनही मला तोंड नाही.

तेवढ्यात दार वाजलं. तळमजल्यावरचे सहदेवकाका आणि पहिल्या मजल्यावरचा निलेश.

"गो श्रुतिका, बोर्ड कधी देतलंस?" काकांनी विचारलं. "जिन्याखाली कोण बसूकच येना नाय."

"खरंच यार," निलेश म्हणाला. "कुणाचं काय चाललंय, काही पत्ताच लागत नाही. मावशी उभी आहे हे पण मला स्टेशनवरच्या चहावाल्याकडून कळलं."

श्रुतिका माझ्याकडे बघतच राहिली. "वाट लागली, मावशी," ती म्हणाली. "मी मजले मांडले, जिना मांडलाच नाही. सगळे जिथे भेटतात तो बोर्डसुद्धा मीच उचलून वर आणला."

तिनं निलेशची, काकांची आणि आपली खोली एकमेकींच्या शेजारी धरली आणि पुन्हा चिठ्ठ्या काढायला लागली. निलेशची सोंगटी पांढरी झाली. परत काळी. मग काकांची पांढरी, तिच्या शेजारची पांढरी. माझी फळी आनंदानं थरथरत होती.

"माझा मत असा फिरूचा नाय हां," काका गुरगुरले.

"नका फिरवू काका. तुमचंही मत याच वाटेनं वर येईल," श्रुतिका हसली.

मावशी उठली. "मग यांच्याशी बोलायलाच हवं. हरले तर बोलून हरेन." आणि तिनं माझी एक बाजू धरली. दुसरी काकांनी.

आता मी परत जिन्याखाली आहे. मावशीनं अर्ज मागे घेतला नाही. तिला स्ट्रायकर धड धरता येत नाही, पण ती रोज येऊन बसते आणि काका रोज तिच्याशी वाद घालतात. पावडरीखाली श्रुतिकाच्या रेषा अजून दिसतात. निकाल काय लागेल ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर श्रुतिकालाही नाही. माझं मागणं एवढंच आहे की गणित माझ्यावर खुशाल मांडा, पण खाली येऊन मांडा. काल भांडता भांडता मावशी आणि काका दोघंही डाव विसरून गेले. राणी अजून मधोमध आहे. या, बसा.